काच धुवा, रबर जपा : पावसाआधीची गाडी

मे महिना संपत आला की घराघरात कौले शाकारली जातात, गच्चीच्या भेगा बुजवल्या जातात, माळ्यावरच्या छत्र्या खाली येतात. गाडीची आठवण मात्र पहिली सर अंगावर आल्यावरच होते. घाटातला रस्ता, समोरून येणाऱ्या ट्रकचे झगझगीत दिवे, वायपर फिरतो आहे आणि काच स्वच्छ होण्याऐवजी तिच्यावर पांढरट पडदा पसरतो आहे. मागे मुले झोपलेली असतात, शेजारी वडीलधारे माणूस बसलेले असते आणि चालवणाऱ्याला दोन-तीन सेकंद पुढचे काहीच दिसत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. म्हणजे तीन सेकंदांत पन्नास मीटर गाडी अंदाजानेच चालली.

अशा वेळी दोष सहसा काचेचा नसतो. काच फार टिकाऊ असते. दोष तिच्यावर वर्षभर साचलेल्या थरांचा आणि तिच्याभोवतीच्या रबराचा असतो. या दोन्ही गोष्टी घरच्या घरी, एका सकाळी, थोडक्या खर्चात सुधारता येतात. अट एकच : कशावर काय लावायचे आणि काय अजिबात लावायचे नाही, हे माहीत हवे. गाडीच्या काचा आणि रबरे वापराने जेवढी खराब होतात, तेवढीच ती चुकीच्या उपायांनी खराब होतात.

काचा दोन प्रकारच्या

पुढची मोठी काच आणि दरवाजाच्या काचा सारख्या नसतात. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. दगड लागला तर ती तडकते, पण तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. दरवाजाच्या काचा बहुतेक गाड्यांत एकाच जाडीच्या, तापवून झटकन थंड केलेल्या असतात. त्या फुटल्या तर त्यांचा बारीक चुरा होतो. म्हणून काच आधी थंड होऊ द्यावी आणि मगच पाणी घालावे. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतू नये. पुढच्या काचेला कुठे बारीक तडा असेल तर तो अशाने पसरतो.

काच पुसण्यासाठी फिरणारा वायपरही एका बाईच्या निरीक्षणातून आलेला आहे. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कमध्ये बर्फाळ पावसात ट्रॅमचालकाला काचेपुढे हतबल झालेला पाहिले आणि आतून दांडा फिरवून काच पुसण्याची युक्ती काढली. १९०३ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले.

बाहेरची बाजू : आधी धूळ, मग मळ, मग डाग

क्रम महत्त्वाचा आहे. कोरड्या काचेवर फडके फिरवणे ही सर्वांत वाईट सवय. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि फडक्याखाली ते काचेवर बारीक ओरखडे पाडतात. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री समोरच्या दिव्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. वर्तमानपत्राच्या कागदाने काच छान निघते हे खरे, पण घरातल्या आरशावर. गाडीवर कागद वापरायचाच असेल तर धूळ पूर्ण धुऊन गेल्यावर वापरावा आणि शाई रबराला लागू देऊ नये.

पद्धत साधी आहे. सावलीत गाडी उभी करा. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. मग बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य शाम्पू घालून मऊ, मोठ्या कपड्याने काच वरून खाली धुवा. कपड्यांची पावडर वापरू नका. तिने रबर कोरडे पडते आणि काचेवर तिचाच थर उरतो. स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरड्या, लव नसलेल्या कपड्याने पुसा.

आता एक तपासणी करा. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि काचेवरून बोटे फिरवा. काच गुळगुळीत लागली तर काम झाले. खरखर लागली तर झाडाचा चीक, डांबराचे थेंब किंवा पाण्याचे क्षार अजून चिकटलेले आहेत. चीक आणि डांबर ओल्या काचेवर नवी दाढीची पाती आडवी धरून, हलक्या हाताने निघते. मात्र मागच्या काचेच्या आतल्या बाजूला ज्या तांबूस आडव्या रेघा असतात, त्यांच्यावर पाती कधीही लावू नये. त्या रेघा काच गरम करून धुके घालवणाऱ्या तारा आहेत. एक तुटली की तेवढी ओळ कायमची बंद.

पांढरे डाग आणि आरओचे पाणी

बोअरवेलच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांच्या काचेवर गोल पांढरे ठिपके हमखास दिसतात. पाणी उडून जाते आणि त्यातला चुना काचेवर राहतो. आजकाल याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. घरातल्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते साठवून गाडीला वापरले जाते. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात गाळून काढलेले सगळे क्षार एकवटलेले असतात. काचेला त्याहून वाईट पाणी शोधून सापडणार नाही. ते पाणी फरशी पुसायला किंवा शौचालयात वापरावे. गाडीसाठी शेवटचे पाणी शक्य तितके मऊ असावे. घरात एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते. ते स्वच्छ भांड्यात धरून फडक्यातून गाळले की काच शेवटी पुसण्यासाठी उत्तम.

पडलेल्या डागांवर स्वयंपाकघरातला सिरका चालतो. पांढरा सिरका आणि पाणी समप्रमाणात घ्या. त्यात कपडा भिजवून डागांवर चार-पाच मिनिटे चिकटवून ठेवा, मग चोळून भरपूर पाण्याने धुवा. एका वेळेला निघाले नाही तर दोन-तीनदा करा. रबरावर आणि रंगावर ओघळलेला सिरका वाळू देऊ नका. सिरका आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. टाइल्स धुण्याचे अ‍ॅसिड तर गाडीजवळही आणू नका. डाग जाईल, पण त्याबरोबर धातूची चमक, रंग आणि फुप्फुसेही धोक्यात येतात.

सिरक्यानेही न जाणारे डाग म्हणजे क्षारांनी काच खाल्ली आहे. त्यासाठी काच घासण्याची बारीक पूड मिळते, तिला सीरियम ऑक्साइड म्हणतात. पाण्यात कालवून, नमद्याच्या गोल गादीवर घेऊन, काच सतत ओली ठेवत ती फिरवावी लागते. बाजूच्या काचांवर धीराने हे करता येते. पुढच्या काचेवर मात्र चालकाच्या नजरेसमोर एकाच जागी खूप घासले तर तिथे काच भिंगासारखी होते आणि रस्ता हलताना दिसतो. ओरखड्यांचेही तसेच. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकले तर तो ओरखडा घरी जाणार नाही. टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, तारेची घासणी हे सगळे उपाय एका ओरखड्याच्या जागी शंभर करतात.

आतली बाजू

आतून काच धुळीने नव्हे, तर तेलकट थराने माखते. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून बाष्प निघते आणि काचेवर जमते. त्यात मुलांची बोटे, सिगारेटचा धूर, डॅशबोर्डवर लावलेली चकचकीत पॉलिश, एसीच्या जाळीवरची अत्तराची कुपी अशी भर पडत राहते. हा थर दिवसा जाणवत नाही. रात्री समोरून दिवे आले की सगळी काच दुधाळ होते. शिवाय अशा काचेवर वाफ लवकर धरते, त्यामुळे पावसाळ्यात त्रास दुप्पट.

इथे पाणी कमी आणि कपडे जास्त लागतात. मेडिकलमध्ये मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून कपड्यावर घ्या, काचेवर थेट फवारू नका. दारे उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. ते नको असेल तर सौम्य साबणाचे दोन थेंब घातलेले कोमट पाणीही चालते, फक्त दोनदा पुसावे लागते. एका कपड्याने थर काढा, दुसऱ्या कोरड्या कपड्याने लगेच पुसा. कपडा काळपट निघाला तर दचकू नका, पुन्हा एक फेरी करा. एक युक्ती : आतून उभे पुसा, बाहेरून आडवे. मग रेघ राहिली तर ती कोणत्या बाजूची हे तिच्या दिशेवरूनच कळते. काच थोडी खाली घेऊन वरची कडही पुसा. सर्वांत जास्त मळ तिथेच लपलेला असतो.

मागच्या काचेवरचे जुने स्टिकर हा वेगळा विषय. सेकंडहँड गाडीवर ते हमखास असतात. त्यावर पवित्र नाव लिहिलेले असेल तर त्याचे तुकडे न पडता ते अख्खे निघावे, असे प्रत्येकालाच वाटते. त्यासाठी पाती नको, उष्णता हवी. केस वाळवण्याचे यंत्र बाहेरून फिरवत स्टिकर कोमट करा, कोपरा नखाने उचला आणि काचेला समांतर, अगदी सावकाश ओढा. गोंद राहिला तर त्यावर अल्कोहोलचा कपडा दाबून ठेवा.

रबर : ज्याच्याकडे कोणी पाहत नाही

गाडीत काचेभोवती तीन ठिकाणी रबर असते. दरवाजाच्या चौकटीला सगळीकडून फिरणारी जाड, पोकळ बीडिंग. काच ज्या खाचेतून वर-खाली होते ते चॅनलचे रबर. आणि काच जिथे दरवाजाच्या पोटात शिरते, तिथली बाहेरची व आतली पट्टी. कोकणच्या किनाऱ्यावर खारी हवा आणि ऊन, घाटमाथ्यावर धूळ आणि ऊन. रबराचा मुख्य शत्रू ऊनच. ते रबर कडक करते, मग त्याला बारीक भेगा पडतात आणि त्यातून पाणी वाट काढते.

आजच्या गाड्यांची बरीचशी रबरे उन्हापावसाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराची असतात. हे रबर पाण्याला घाबरत नाही, पण खनिज तेलाने फुगते आणि सैल पडते. म्हणून रॉकेल, डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, ग्रीस यांपैकी काहीही बीडिंगला लावू नये. गंज सोडवण्याचा जो स्प्रे घराघरात असतो, त्यातही खनिज तेलच असते. खोबरेल तेलाने दोन दिवस काळीभोर चमक येते, मग त्याच चिकटपणावर सगळी धूळ बसते.

योग्य उपाय म्हणजे सिलिकॉन. सिलिकॉन ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळते. आधी बीडिंग साबणाच्या पाण्याने धुवा. तिच्या घडीत बोट घालून साचलेली माती काढा, पूर्ण वाळू द्या. मग कपड्यावर अगदी थोडे सिलिकॉन घेऊन सगळीकडे पातळ हात फिरवा आणि उरलेले पुसून टाका. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, एवढे पुरे. स्प्रे काचेवर किंवा वायपरवर उडू देऊ नका. पुढच्या काचेवर सिलिकॉन लागले तर पावसात ती धुरकटते. सिलिकॉन हाताशी नसेल तर ग्लिसरिनचा पातळ हात तात्पुरता चालतो, पण पाण्याने ते धुऊन जाते.

एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. मळलेले, कोरडे, चिकटलेले रबर परत मऊ होते. फाटलेले, भेगाळलेले, चपटे पडलेले रबर कशानेही परत येत नाही. त्यावर गोंद आणि टेप लावत बसण्यापेक्षा तेवढी बीडिंग बदलावी. बहुतेक गाड्यांत ती नुसती दाबून बसवलेली असते.

रबर पकड धरते की नाही, हे पाहण्याची परीक्षा गृहिणींच्या ओळखीची आहे. फ्रिजच्या दाराला जशी करतात तशीच. कागदाची पट्टी चौकटीवर ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. अडून अडून आली तर रबर चांगले. अलगद निघाली तर तिथून पाणी येणार. असे दर वितभर अंतरावर करा.

काच हळू चढते? आधी चॅनल पाहा

बटण दाबल्यावर काच रडतखडत वर येते, मध्येच थांबते, किरकिरते. अशा वेळी अनेकदा मोटर गेली असे सांगितले जाते आणि काही हजारांचा खर्च समोर येतो. मोटर जातेही, पण त्याआधी दोष बहुधा चॅनलमधल्या सुकलेल्या रबराचा असतो. धूळ आणि कोरडे रबर मिळून काचेला पकडून ठेवतात, आणि मोटर त्या जोरावर झिजत जाते.

काच पूर्ण खाली घ्या. चपट्या काडीला ओला कपडा गुंडाळून दोन्ही बाजूंच्या खाचा वरपासून खालपर्यंत पुसा. कपडा स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. वाळल्यावर खाचेत सिलिकॉनचा बारीक फवारा मारा, काच चार-पाच वेळा वर-खाली करा आणि काचेवर आलेले सिलिकॉन पुसून घ्या. काच पूर्वीसारखी चढू लागली तर मोटरचा खर्च वाचला. नाही चढली तर मेकॅनिककडे जा, निदान कारण तरी नेमके सांगता येईल. हे काम करताना बटणाजवळ लहान मूल नको.

दरवाजाच्या पोटातले पाणी

काचेबरोबर थोडे पाणी दरवाजाच्या आत जातेच. ते बाहेर जावे म्हणून दरवाजाच्या खालच्या कडेला छोटी छिद्रे ठेवलेली असतात. माती आणि पानांनी ती बुजली की पाणी आत साचते. दार लावताना डुचमळल्याचा आवाज येतो, आणि कालांतराने पत्रा आतून सडतो. प्लास्टिकच्या काडीने ही छिद्रे मोकळी करा. तसेच पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरजवळच्या जाळीत अडकलेली पाने काढा. तिथला पाण्याचा मार्ग बंद झाला तर पाणी पंख्याच्या वाटेने गाडीत उतरते.

वाचकांकडून नेहमी येणारे प्रश्न

*वायपरचे रबर किती दिवसांनी बदलावे?* आपल्याकडच्या उन्हात साधारण वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर. तत्पूर्वी ओल्या कपड्याने त्याची धार पुसून पाहा. काळी पूड निघून गेल्यावर बऱ्याचदा रेघा थांबतात. कोरड्या काचेवर वायपर चालवू नका.

*पाणी कुठून येते तेच कळत नाही.* एकाने टॉर्च घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून तांब्याने हळूहळू पाणी सोडावे. खालून सुरुवात करून वर जावे, म्हणजे कोणत्या उंचीला गळती सुरू होते ते कळते. जोराचा पाइप लावू नये. पुढच्या काचेच्या कडेने पाणी येत असेल तर घरी काही भरू नका. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळी ती काच रबराच्या चौकटीत बसवत. आता ती खास गोंदाने गाडीला चिकटवलेली असते आणि ती गाडीच्या मजबुतीचा भाग असते. ते काम जाणकाराचेच.

*जुनी गाडी घेताना रबरावरून काही कळते का?* बरेच कळते. बीडिंग एका जागी ओढून तिच्या खाली पाहा, चॅनलच्या खाचेत बोट घाला, सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर काढा. सगळीकडे बारीक, मऊ गाळाचा थर किंवा बेल्टवर पाण्याची रेघ दिसली तर ती गाडी पुरात उभी राहिलेली असू शकते. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळूणला आलेल्या महापुरांनंतर ही तपासणी आपल्या भागात कोणीही टाळू नये. बाहेरचा रंग आणि आतला सुगंध नवा करता येतो, बीडिंगखालचा गाळ मात्र सहसा राहून जातो.

*गालिचा ओला झाला तर?* पायपोस काढून टाका, गालिच्याखालचा फोम दाबून पाहा. वरून कोरडा वाटला तरी आत पाणी असते. ते तसेच राहिले तर बुरशी धरते, कोंदट वास येतो, दम्याच्या रुग्णाला अशा गाडीत बसणे कठीण होते. गालिचा उचलून उन्हात वाळवा, पण त्याआधी गळती बंद करा.

कामाची वाटणी

एका सकाळी हे सारे होऊ शकते. मुलांनी धुवावे आणि छिद्रे मोकळी करावीत. कागदाची परीक्षा घरातल्या कोणीही घ्यावी. सिलिकॉनचा हात आणि चॅनलचे काम मोठ्यांनी करावे. काचेपुढे आरशाला लटकवलेल्या वस्तू आणि डॅशबोर्डवरचा पसारा त्याच वेळी काढून ठेवावा. त्यांचे प्रतिबिंब काचेत पडते आणि नजर अडते. शेवटी दिवे मावळल्यावर गाडी अंगणात उभी करून कोणाला तरी समोरून टॉर्च मारायला सांगा आणि चालकाच्या जागी बसून पाहा. प्रकाश काचेवर न पसरता सरळ डोळ्यांत आला तर काच तयार आहे. पसरला तर अजून एक फेरी बाकी आहे, आणि ती पहिल्या पावसाच्या रात्री घाटात आठवण्यापेक्षा आज अंगणात केलेली बरी.